हातातला खेळ, हवेतला खेळ

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

गेल्या दिवाळीत माझा नातू पुण्याहून एटापल्लीला आला. वय वर्षे अकरा. पायांवर पाणी घेण्याआधीच त्याने पाठीवरच्या पिशवीतून एक यंत्र काढले. दोन्ही हातांत धरायचे, मधे पडदा, दोन बाजूंना बटणे. आलापल्ली सोडली की रस्ता जंगलात शिरतो आणि तीसेक किलोमीटरनंतर आमचे गाव येते. तोवर मोबाइलवरच्या रेषा एकेक करून मावळत जातात. गावात टॉवर आहेत, नाही असे नाही. फोन लागतो, फोटोही जातो, जरा दमाने. पण नातवाला हवा होता तो खेळ कितीतरी जीबीचा. निघताना यंत्रातली जागा भरली म्हणून त्याने तो पुसून टाकला होता. विकत घेतलेलाच आहे, आबांकडे गेल्यावर पुन्हा उतरवून घेऊ, असा त्याचा हिशेब. रात्रभर यंत्र खिडकीत ठेवले. मधे एकदा वीज गेली. सकाळी पाहतो तर चार टक्के.

"आबा, पण मी पैसे देऊन घेतलाय तो!" तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"मग आहे कुठे?" मी विचारले.

या प्रश्नाचे उत्तर त्याला देता येईना. खरे सांगायचे तर मलाही येत नव्हते.

त्याच्याकडे आणखी एक खेळ होता, तो मात्र लगेच सुरू झाला. तो होता नखापेक्षा थोड्या मोठ्या चिपमध्ये. यंत्राच्या खाचेत चिप बसवायची की झाले. "जिभेला लावून बघा," नातू म्हणाला. मी लावली आणि तोंड वाकडे केले. थेट भुईनिंबाचा काढा! निन्टेन्डो कंपनीच्या २०१७ सालच्या स्विच या यंत्रापासून या चिपांवर मुद्दाम एक कडू रसायन लावतात. एवढीशी वस्तू लहान मुलांनी गिळू नये म्हणून. जगातल्या सगळ्यात महागड्या खेळण्यांपैकी एक, आणि चव कडुनिंबाची.

त्या दिवशी दुपारी मी माझ्या टेबलाचा खालचा खण उघडला आणि त्यातून एक जुना ब्रिक गेम काढून नातवाच्या हातात दिला. किराणा दुकानातून दोन पेनसेल आणले, घातले. टूं टूं करत पडद्यावर विटा पडू लागल्या. अठ्ठावीस वर्षांनी. नातू संध्याकाळपर्यंत त्यावरच होता. हा ब्रिक गेम माझा नाही. तो कोणाचा, ते पुढे सांगतो.

खेळ वस्तूत असावा की हवेतून यावा, हा वाद आज पुण्यामुंबईची मुलेही घालतात. या वादाचा इतिहास फार लांबचा नाही, माझ्या नोकरीच्या काळातलाच आहे.

सुरुवातीला यंत्र आणि खेळ वेगळे नव्हतेच. जपानच्या निन्टेन्डोने १९८० साली 'गेम अँड वॉच' नावाची खिशात मावणारी यंत्रे काढली. त्यांचा कर्ता गुनपेई योकोई. आगगाडीत एक कंटाळलेला माणूस कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसलेला पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. एका यंत्रात एकच खेळ. दुसरा हवा तर दुसरे यंत्र घ्या. त्याच्या एक वर्ष आधी, १९७९ मध्ये, अमेरिकेतल्या मिल्टन ब्रॅडली कंपनीने 'मायक्रोव्हिजन' नावाच्या यंत्रात खेळ बदलण्याची सोय केली होती, पण ते फार काळ टिकले नाही. ही गोष्ट जगभर रुजली ती १९८९ साली, योकोईंच्याच गेमबॉयमुळे. चार पेनसेल, हिरवट पडदा आणि पाठीमागे खुपसायची कॅसेट.

कॅसेट हा आपला शब्द. इंग्रजीत तिला दुसरे नाव आहे, पण टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमबरोबर ज्या पिवळ्या-काळ्या प्लॅस्टिकच्या वड्या आपल्याकडे आल्या, त्यांना चंद्रपूरच्या गोल बाजारापासून मुंबईपर्यंत सगळे कॅसेटच म्हणत. आत फीत नाही, चक्र नाही. एक पट्टी, तिच्यावर एक चिप. खेळ त्या चिपमध्ये कायमचा कोरलेला असतो. यंत्र तो वाचते, पुसू शकत नाही. कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारायची, हे जगातल्या सगळ्या पोरांना कोणी न शिकवता कळले होते. प्रत्यक्षात फुंकरीतल्या ओलाव्याने आतले पितळेसारखे चकचकीत दात उलट खराब होत. चालायची ती काढून पुन्हा बसवल्यामुळे. पण श्रेय फुंकरीला.

या वस्तूंच्या टिकाऊपणाच्या कथा आहेत. आखाती युद्धाच्या वेळी बाँबहल्ल्यात होरपळलेला, प्लॅस्टिक वितळून काळा पडलेला एक गेमबॉय न्यूयॉर्कच्या निन्टेन्डोच्या दुकानात कित्येक वर्षे काचेत मांडलेला होता. त्यावर टेट्रिस चालू असे. पण कॅसेट म्हणजे ताम्रपट नव्हे. ज्या खेळांत आपली प्रगती साठवायची सोय होती, उदाहरणार्थ १९९६ चा पोकेमॉन, त्या कॅसेटींत घड्याळातल्यासारखा एक चपटा सेल असायचा. पंधरा-वीस वर्षांनी तो संपला की खेळ शाबूत राहतो, तुम्ही जमवलेले सगळे जाते. शिवाय हरवणे, फुटणे आहेच. आणि आमच्याकडे चार महिने पाऊस आणि बारा महिने वाळवी. खोके तर पहिल्याच वर्षी जाते.

गेमबॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून जवळजवळ बारा कोटी खपले. त्यातला एकही मी एटापल्लीत पाहिला नाही. आमच्यापर्यंत आली ती त्याची सावली: ब्रिक गेम. वर ठसठशीत लिहिलेले '९९९९ इन १'. मोजायला बसले तर खेळ दहा-बारा, बाकी सगळे वेगाचे आणि पातळ्यांचे फेरफार. मूळ खेळ टेट्रिस. तो अलेक्सेई पाजितनोव या गृहस्थाने मॉस्कोत १९८४ साली संगणक केंद्रात नोकरी करता करता लिहिला. हक्क सोव्हिएत सरकारकडे गेले, जगभर कोट्यवधी प्रती विकल्या गेल्या आणि खुद्द पाजितनोवला १९९६ पर्यंत त्याचे मानधन असे मिळाले नाही. आमच्या आठवडी बाजारात आलेल्या ब्रिक गेमांनी तर कोणालाच काही दिले नसणार. खेळ कोणाचा, हा प्रश्न असा पहिल्यापासूनच अडचणीचा आहे.

१९९७ साली मी एका आश्रमशाळेत सातवीला शिकवत होतो. पावसाळ्यात शाळा सुरू झाली तेव्हा एका मुलाकडे ब्रिक गेम दिसला. उन्हाळ्यात आईबापाबरोबर तेंदूपत्ता तोडायला गेला होता. सत्तर पानांचा एक पुडा, असे पुडे बांधून फळीवर मोजून द्यायचे. त्या मजुरीतले काही पैसे बापाने त्याच्या हातावर ठेवले आणि त्याने बाजारात टिकल्या-कंगवे-टॉर्च विकणाऱ्याच्या पथारीवरून तो घेतला. वसतिगृहात चाळीस मुले. रात्री दिवे मालवल्यावर पाळी लागायची. एकाच्या तीन विटा चुकल्या की पुढच्याच्या हातात. एका यंत्रावर चाळीस जण खेळले, भांडले, शिकले. मी एके रात्री ते जप्त केले. "सुट्टीत नेशील," म्हटले. दिवाळीच्या सुट्टीत मी आधीच गावी गेलो होतो, आणि सुट्टीनंतर तो मुलगा शाळेत आलाच नाही. यंत्राच्या पाठीवर कर्कटकाने कोरलेली त्याची दोन अक्षरे होती. आतले सेल मी काढून माझ्या रेडिओत घातले. त्या वेळी त्यात मला काही वावगे वाटले नाही. (सेल आत राहिले असते तर गळून यंत्र केव्हाच गंजले असते, असे मी आता स्वतःला सांगतो.)

पुढे मोबाइल आले. नोकियाच्या फोनातला साप १९९७ चा, पण आमच्याकडे पोचायला त्याला बरीच वर्षे लागली. नोकियाने २००३ मध्ये 'एन-गेज' नावाचा खेळांसाठीचा खास फोन काढला होता. खेळ बदलायचा तर मागचे झाकण उघडा, बॅटरी काढा, कार्ड बदला, पुन्हा सगळे बसवा. इतका उपद्व्याप कोण करणार? पुढे त्यांनी त्याच नावाने नुसती उतरवून घ्यायच्या खेळांची सेवा सुरू केली, तीही २०१० मध्ये गुंडाळली. सोनीची गोष्ट याहून बोधक आहे. २००४ सालच्या त्यांच्या 'पीएसपी'ला छोटी तबकडी लागे. २००९ मध्ये त्यांनी तबकडीची जागाच नसलेला 'पीएसपी गो' आणला. सगळे खेळ फक्त इंटरनेटवरून. ज्यांच्याकडे आधीच्या तबकड्यांचा ढीग होता त्यांनी विचारले, आता आमच्या या तबकड्यांचे काय करायचे? समाधानकारक उत्तर मिळाले नाही. दोन वर्षांत ते यंत्र बंद झाले.

आता माझा एक आक्षेप. या सगळ्या चर्चेत दोनच खाने धरतात: एका बाजूला वस्तू, दुसऱ्या बाजूला डिजिटल. आमच्या भागात डिजिटल वस्तू पहिल्यांदा आली ती एसटीने.

साधारण २००७-०८ नंतरची दहा वर्षे आठवा. गावोगावच्या मोबाइल दुकानांवर 'डाऊनलोडिंग करून मिळेल' अशी पाटी असे. एक कॉम्प्युटर, एक दुकानदार, पुढ्यात मेमरी कार्डे घेऊन उभी पोरे. दहा-वीस रुपयांत कार्ड भरून मिळे. गाणी, सिनेमे, देवांचे फोटो आणि जावा फोनवर चालणारे खेळ, एकेक खेळ जेमतेम तीन-चारशे केबीचा. आमच्याकडचा दुकानदार महिन्यातून एकदा बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली या रस्त्याने चंद्रपूरहून 'माल' आणायचा. माल म्हणजे शर्टाच्या खिशातली एक हार्ड डिस्क. एटापल्लीतून तो माल कार्डावर चढून आणखी आत, गावागावांत पायी जायचा. तिथे ब्लूटूथने एका फोनातून दुसऱ्यात. रीतसर पाहिले तर ही सगळी चोरीच होती. खेळ करणाऱ्यांना त्यातला एक पैसा गेला नाही, हे झाकण्यात अर्थ नाही. पण वितरणाची पद्धत म्हणून पाहिले तर ती जंगलाला अचूक मानवणारी होती. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१० पासून 'सीजीनेट स्वर' चालवणाऱ्या शुभ्रांशु चौधरींनी हेच ओळखले. गोंडी बोलणाऱ्या लोकांचे आवाज फोनवर रेकॉर्ड करायचे आणि ब्लूटूथने फोनाफोनातून पसरवायचे. लोक त्याला 'बुलटू रेडिओ' म्हणू लागले.

तर, मेमरी कार्डातला खेळ डिजिटल होता की वस्तू होता? कार्ड हातात होते. नेटवर्क गेले, टॉवर जळाला, दुकान बंद झाले तरी खेळ चालायचा. मला वाटते, खरा प्रश्न प्लॅस्टिक की हवा, हा नाही. खेळ सुरू करताना कोणाची परवानगी लागते, हा आहे. ब्रिक गेमला कोणाचीच लागत नव्हती. (फक्त माझी, आणि ती मी दिली नाही.)

२०१६ मध्ये डेटा स्वस्त झाला आणि कार्ड भरायची दुकाने ओस पडली. पोरे पबजी खेळू लागली. आमच्याकडे तर ज्या टेकडीवर रेंज येते तिथे संध्याकाळी मुलांचा घोळका दिसे. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ११८ अॅपवर बंदी घातली, त्यात पबजी होता. ३० ऑक्टोबरला कंपनीने भारतातला खेळ थांबवला. त्या बंदीच्या योग्यायोग्यतेत मी शिरत नाही. टेकडीवरचा एक मुलगा फोन दाखवत म्हणाला होता, "सर, चित्र तं अजून आहे, दाबलं तं काहीच होत नाही." २०२१ मध्ये तोच खेळ नव्या नावाने आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा दुकानातून हटला, मे २०२३ मध्ये पुन्हा परतला. खेळाडूने यात काय करायचे? वाट पाहायची.

परदेशात हेच, फक्त जास्त सभ्यपणे झाले. निन्टेन्डोने २७ मार्च २०२३ ला आपल्या 'थ्रीडीएस' या हातातल्या यंत्राचे इंटरनेटवरचे दुकान बंद केले. ज्यांनी आधी घेतले त्यांना ते पुन्हा उतरवता येतात, पण नवीन खरेदी नाही. जे खेळ फक्त तिथेच मिळत, ते रीतसर मिळायचे थांबले. सोनीने २०२१ मध्ये आपली जुनी दुकाने मिटवायचे जाहीर केले, लोकांनी ओरड केली आणि काही दुकानांपुरता निर्णय मागे घेतला गेला. त्याच २०२३ मध्ये व्हिडिओ गेमचा इतिहास जपणाऱ्या एका अमेरिकी संस्थेने पाहणी केली. २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात विकत मिळत नाहीत असे तिला आढळले. पुस्तकांबद्दल असे कोणी सांगितले असते तर आपण हळहळलो असतो. खेळाबद्दल आपण म्हणतो, बरे झाले, पोरे अभ्यास करतील.

कॅलिफोर्नियाने मात्र एक कायदा केला. २०२५ च्या सुरुवातीपासून तो लागू आहे. डिजिटल माल विकताना 'विकत घ्या' असे नुसते लिहिता येत नाही. तुम्हाला मिळतो तो वापराचा परवाना आहे, मालकी नव्हे, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. जे कायमचे उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय वापरता येते त्याला यातून सूट आहे. माझ्या नातवाच्या प्रश्नाचे उत्तर त्या कायद्यात मिळते. त्याने खेळ विकत घेतला नव्हता, खेळण्याची मुभा घेतली होती, आणि ती मुभा आलापल्लीच्या पुढे पोचत नव्हती.

कार्डे अजून निघतात. पण जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ बरोबर एक नवा प्रकार सुरू झाला आहे. काही खेळांचे कार्ड असते, खोके असते, पण कार्डात खेळ नसतो. त्यात फक्त किल्ली असते. पहिल्यांदा खेळ इंटरनेटवरून उतरवा, मग प्रत्येक वेळी कार्ड घालून खेळा. हे कार्ड मित्राला देता येते, जुन्या बाजारात विकता येते, हा फायदा खरा आहे. निव्वळ डिजिटल खेळात तोही नसतो किंवा घरच्या घरात अटींसह असतो. पण ज्याच्याकडे रेंज नाही त्याला ती किल्ली काय कामाची? मोठ्या खेळांना मोठी चिप लागते आणि मोठी चिप महाग पडते, हे मला कळते. कंपनीची अडचण खोटी नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आमच्या गावात असली कार्डे विकणारे दुकान नाही, होण्याची शक्यताही नाही. उद्या एटापल्लीत चांगली तार आली, तर चंद्रपूर-नागपूरची चक्कर न मारता इथला मुलगा मुंबईच्या मुलाबरोबर त्याच मिनिटाला नवा खेळ सुरू करू शकेल. ज्यांना सगळेच लांब आहे त्यांना डिजिटलची सगळ्यात जास्त गरज आहे. माझे म्हणणे एवढेच की, उतरवलेला खेळ उतरवणाऱ्याचा राहावा. कार्डावर घालून ठेवता यावा, दुसऱ्याला द्यायची सोय असावी, आणि दुकान मिटले तरी चालावा. आमच्या वसतिगृहात तो ब्रिक गेम दर खेळाडूमागे परवाना मागत असता, तर चाळीसातली एकोणचाळीस मुले नुसती बघत बसली असती.

नातू पुण्याला परत गेला. जाताना त्याने ब्रिक गेम मागितला. मी दिला नाही, कारण त्याच्या पाठीवरची दोन अक्षरे.

तो मुलगा आता चाळिशीचा आहे. आलापल्ली-एटापल्ली मार्गावर काळी-पिवळी चालवतो, हे मला इतकी वर्षे ठाऊक होते. कित्येकदा मी त्याच्याच जीपमधून गेलोही आहे. "बसा सर, समोर बसा," म्हणून तो मला पुढची जागा द्यायचा. ब्रिक गेमचा विषय त्याने कधी काढला नाही. मीही नाही. दिवाळीनंतरच्या सोमवारी मी स्टँडवर गेलो. जीप भरत होती. मी पिशवीतून ते काढून त्याच्या हातात ठेवले. त्याने आधी पाठ बघितली, अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग चालू केले. पहिली वीट पडली. डावे बटण जरा दाबून धरावे लागते, ते त्याच्या बोटांच्या लक्षात होते. दोन ओळी झाल्या. मग काय वाटले कोण जाणे, त्याने मागचे झाकण उघडून पाहिले.

"सर, हे सेल तं नवे दिसते."

"हो," मी म्हटले. "तुझे मी रेडिओत घातले होते."

तो मोठ्याने हसला. मागच्या बाकावरची म्हातारी म्हणाली, "चाल ना बाबू, ऊन होते."